श्रीमंत लोखंडी पाइप यांसी खुले पत्र

अखंडित गंज-अलंकृत, राजमान्य राजेश्री, भिंतवासी, दीड इंची लोखंडी पाइप, मुक्काम आमची न्हाणी, राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर, यांसी —

घरमालकाचे कृतानेक नमस्कार, विनंती विशेष. येथील क्षेम नाही. आपले क्षेम आपण कळवत नाही, फक्त मधूनमधून वास पाठवता.

पत्र खुलं लिहितो आहे, कारण आपण खुले होत नाही. बंद पाकीट धाडलं असतं तर ते आपल्या पोटातून पलीकडे गेलं नसतं. जिथून दात घासल्याचं पाणी जात नाही, तिथून कागद काय जाणार?

पत्रास कारण की, आम्ही नवं वॉश बेसिन आणलं. पांढरं शुभ्र, खाली क्रोमचा चकचकीत बॉटल ट्रॅप, त्यातून बाहेर डोकावणारी बत्तीस मिलिमीटरची नळी. दुकानदाराने सांगितलं, अर्ध्या तासाचं काम. ते खरंही होतं. बेसिन भिंतीवर अर्ध्या तासात बसलं. पुढचे अकरा दिवस आम्ही आपल्या दरबारात हात जोडून उभे होतो.

पहिला प्रश्न, आपण नेमके राहता कुठे? आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांना वंशावळीची भारी हौस. सर्फोजीराजांनी 1803 साली बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. आम्ही राजघराण्यातले नव्हे, दप्तरातले. पणजोबांचे पणजोबा मोडी लिहायचे असं आमची अक्का सांगते आणि त्यांच्या मागच्या चार पिढ्या एका दमात म्हणून दाखवते. कोण कुणाचा चुलता, कोण कुणाला दत्तक गेला, सगळं तोंडपाठ. पण आजोबांनी घातलेला सांडपाण्याचा पाइप भिंतीत डावीकडे वळतो की उजवीकडे, हे या घरात एकालाही सांगता येईना. दगडावर नाही, कागदावर नाही, तोंडी परंपरेतही नाही. शेवटी मीच कान लावून, किल्लीने ठकठक करत, तीन ठिकाणी गिलावा फोडून आपला माग काढला. तिसऱ्या भोकाशी आपलं दर्शन झालं.

या गावाला पाण्याचं कौतुक नाही असं नाही. सेव्वप्पनायकाच्या तलावातलं पाणी शिवगंगेत, तिथून जमिनीखालच्या नळांनी अय्यनकुळात आणि राजवाड्याच्या बाजूला. या जलसूत्राचं नाव काढलं की गावचा माणूस दोन इंच उंच होतो. पाणी आणणाऱ्याचा पुतळा होतो. ते घालवणारा मात्र भिंतीत चिणला जातो. सर्फोजीराजांनी शहरात सांडपाण्याची भुयारी गटारं बांधवली असं त्यांच्या चरित्रांत येतं. पण सभेत त्यांची ग्रंथसंपदा निघते, छापखाना निघतो, डोळ्यांवरचे उपचार निघतात, गटारावर कुणी बोलत नाही. तेव्हा आपल्या मनात उपेक्षेचं शल्य असेल तर ते मला मान्य आहे. फक्त ते माझ्या बेसिनमध्ये वर येऊ नये.

आता दरबाराची हकिगत. प्लंबर आला, आपल्याकडे टॉर्च मारली, बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “पाक्कलाम, सार.” बघू या! या एका शब्दावर तमिळ मुलखातली निम्मी बांधकामं उभी आहेत. अक्का आतून ओरडली, “त्या पाइपाला हात लावू नकोस रे, जुनं लोखंड आहे, असलं आता मिळत नाही.” पुण्याहून मेहुण्यांचा फोन आला, “भाऊजी, सगळं उखडून टाका, पीव्हीसी करा.” मेहुण्यांना उखडायला काय जातं, भिंत आमची आहे.

प्लंबरने मधला मार्ग काढला. हे मधले मार्गच घात करतात. आपलं बाहेरचं माप 48.3 मिलिमीटर. बाजारात मिळतो तो पीव्हीसी 50 मिलिमीटरचा. म्हणजे 50 च्या एल्बोच्या तोंडात आपण अगदी बसल्यासारखे बसता. बसल्यासारखे, म्हणजे न बसता. फरक 1.7 मिलिमीटरचा. आपला जन्म इंचातला, त्याचा मिलिमीटरमधला. इतक्या फटीकडे कोण बघतं? प्लंबरने आपल्या अंगावर दोरा गुंडाळला, त्यावर पीव्हीसीचं सोल्युशन चोपडलं, एल्बो चढवला, वरून पुट्टी लिंपली आणि हात झटकले. काम देखणं झालं होतं. चौथ्या दिवशी भिंतीवर ओलीचा नकाशा उमटला, साधारण चोळमंडळाच्या आकाराचा.

त्यात सोल्युशनचा दोष नाही. ते डिंकासारखं चिकटवत नाही. पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवतं, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं आणि द्रव उडून गेल्यावर दोघांचं एकच अंग होतं. हा शुद्ध बेटीव्यवहार आहे, आणि तो जातीतल्या जातीत चालतो. लोखंड काही त्या द्रवात विरघळत नाही. त्याच्याशी पीव्हीसीचा रोटीव्यवहारच होऊ शकतो: आट्यांनी, नाहीतर मध्ये रबर घालून पट्टीने आवळून. आम्ही तंजावरात साडेतीनशे वर्षं राहिलो, हा नियम आम्हाला लग्नकार्यात बिनचूक कळतो. न्हाणीत कळला नाही.

आट्या पाडाव्यात म्हटलं, तर आपल्या आट्या राहिल्यात कुठे? एल्बो काढला तेव्हा आपल्या तोंडाचा काठ बिस्किटासारखा हातात आला. अपराध आमचाच. जुन्या बेसिनचं पितळी वेस्ट कुणीतरी थेट आपल्या तोंडाशी जोडून दिलं होतं. पितळ आणि लोखंड ओलीत अंगाला अंग लावून बसले की झिजतं ते लोखंड. आधी आपल्यावरचा जस्ताचा मुलामा स्वतः मरून आपल्याला वाचवतो, तो संपला की पाळी आपली. पितळाला काही होत नाही, ते शेवटपर्यंत चकाकतं. कंपनी सरकारने 1799 साली सर्फोजीराजांशी तह केला, तोही याच जातीचा सांधा होता. कारभार कंपनीकडे गेला, राजांकडे किल्ला, राजवाडा आणि मान राहिला. आपलंही तेच. बाहेरून दीड इंची बाणा कायम. आत गंज, साबणाचा थर आणि तीन पिढ्यांच्या केसांचा गुंता. पाणी जायला उरली होती करंगळीएवढी वाट. उपाधी पूर्ण, अंमल शून्य.

वासाबद्दलही दोन शब्द. आपल्या काळच्या जोडणीत वाकडा ट्रॅपच नव्हता; बेसिनमधून सरळ आपल्या पोटात. ट्रॅप म्हणजे मुद्दाम वाकवलेला भाग. त्यात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि गटारातली हवा वर येऊ देत नाही. अशा नागमोडी नळीचं पेटंट लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली घेतलं, शौचकूपासाठी. त्या साली तंजावूरच्या गादीवर मराठा राजाच नव्हता. 1773 साली अर्काटच्या नवाबाने राज्य घेतलं होतं, तुळजाराजांना ते परत मिळालं 1776 मध्ये. तेव्हा ट्रॅपकडे लक्ष द्यायला आम्हाला सवड नव्हती, ही सबब एक-दोन वर्षं चालली असती. अडीचशे वर्षं कशी चालणार?

सातव्या दिवशी मी प्लंबरला म्हटलं, आता लिंपायचं नाही, कापायचं. आतून अक्का काही बोलणार तेवढ्यात त्याने ग्राइंडर सुरू केला. तीन इंच कापलं, काठ पुन्हा बिस्किट. आणखी दोन इंच. पाचव्या इंचाला ठिणग्यांचा रंग बदलला आणि आवाजही. आत खणखणीत धातू होता, राखाडी, जाडजूड. महाराज, खरं सांगतो, त्या क्षणी आपल्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला. गंजाला मुजरे करत बसलो होतो, त्या पाच इंचांत आपण नव्हताच. आपण त्याच्या मागे होता.

भिंतीत आट्या पाडायच्या यंत्राला जागा नव्हती. म्हणून रबरी कपलिंग आणलं. एका तोंडाला आपण, दुसऱ्याला पीव्हीसी, दोन्हीकडे स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा. ते चढवण्याआधी आपला काठ कानशीने घासून गुळगुळीत केला, कारण खरखरीत काठ रबर कापतो आणि केस अडकवतो. आतली सगळी माया स्प्रिंगने उकरून काढली. मग सांधा न करताच आपल्या पोटात एक अख्खी बादली ओतली. पाणी न थांबता पलीकडे गेल्यावरच जोडणीला हात घातला. ही एक बादली पहिल्या दिवशी ओतली असती तर भिंतीवर नकाशा उमटलाच नसता. पीव्हीसीला उतार दिला चार फुटांना एक इंच, आणि वळणाशी आट्यांचं झाकण ठेवलं, उद्या तुंबलं तर उघडायला.

जाता जाता, आपले थोरले बंधू, बाहेरच्या भिंतीवरचा बिडाचा उभा पाइप, त्यांचीही भेट झाली. आपल्याशी त्यांचा सांधा आजोबांच्या वेळचा आहे: तोंडात ताग कोंबून वर वितळलेलं शिसं ओतलेलं आणि छिन्नीने ठोकून बसवलेलं. त्यातून आजही टिपूस गळत नाही. प्लंबर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला मी हातोडा खाली ठेवायला सांगितलं, कारण बीड कणखर खरं, पण घाव सोसत नाही, तडकतं. तो म्हणाला, “हे करणारा माणूस आता नाही, सार.” अक्काचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं. लोखंड बाजारात मिळतं. तसा सांधा करणारा हात मिळत नाही. नायकांच्या राजवाड्याला मराठ्यांनी दरबार महाल जोडला, तेव्हाही कुणा गवंड्याने आधी जुनी भिंत ठोकून पाहिली असेलच. त्याचं नाव कोणत्या शिलालेखात आहे?

एक गंमत राहिली. काम आटोपल्यावर प्लंबर जमिनीवरच्या जाळीकडे बोट दाखवून म्हणाला, “आता नाणि ट्रॅप साफ करतो.” मी दचकलो. नाणि म्हणजे न्हाणी! मोडी विसरलो, राज्य गेलं, घरात निम्मी मराठी तमिळमध्ये विरघळली. आणि हा माणूस ग्राइंडर गुंडाळता गुंडाळता माझ्याशी मराठी बोलत होता. देशभरच्या प्लंबिंगच्या पुस्तकांत हा शब्द आहे. मी त्याला छाती फुगवून सांगितलं की हा आमचा शब्द. तो हसला, जाळी उचलली, म्हणाला, “अदु इंग्लीश वार्त्तै, सार.” हा इंग्रजी शब्द आहे! मी वाद घातला नाही. जाळीखाली आमच्या वंशाचे केस निघाले, त्याने ते निमूटपणे काढले.

तर महाराज, आपला पाच इंच भाग आम्ही खालसा केला आहे, बाकीचा आपल्याकडे कायम. नवा सरदार प्लास्टिकचा आहे, घराणं नाही, पण गंजत नाही. त्याला सांभाळून घ्यावं. आपल्याशी त्याचं नातं रबराएवढंच ठेवलं आहे. ते दर काही महिन्यांनी मी हात लावून बघेन आणि क्लिपा सैल वाटल्या तर आवळेन.

शेवटी एक काम राहिलं होतं, तेही केलं. गिलावा बुजवण्याआधी आपला फोटो काढला, आणि बेसिनखालच्या फरशीवर ऑइल पेंटने चार ओळी लिहिल्या. अक्का म्हणाली, मराठीत लिही, मोडीत लिही, आपल्या घराण्याला शोभेल असं. मी तमिळमध्ये लिहिलं. उद्या पाना घेऊन इथे जो गुडघे टेकेल त्याला वाचता आलं पाहिजे. मजकूर असा:

पाइप भिंतीत डावीकडे वळतो. लोखंड दीड इंच, पीव्हीसी 50, मध्ये रबर. झाकण इथे उघडतं. हातोडा मारू नये.

बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा. लोभ असावा, तुंबण नसावी.

मोर्तब सूद.