बर्फाचा जामीन

मे महिन्याची सुटी संपवून मालवणहून मुंबईस परतणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात थर्माकोलची एक पेटी असावयाचीच, आणि त्या पेटीत बांगडे असावयाचेच, असा अलिखित दस्तूर आहे. मुंबईस समुद्र नाही असे नव्हे. १८७५ साली बांधलेला ससून डॉक आजही पहाटे मासळीने गजबजतो. परंतु गावच्या बांगड्याची सर त्या मासळीस येत नाही, असा आमच्या शेजारच्या काकूंचा सिद्धान्त असून, तो सिद्ध करण्यासाठी दरसाल त्या गावचा बांगडा ‘रातराणी’ या सुगंधी नावाच्या गाडीत रात्रभर उबवून आणण्याची तसदी घेतात.

पेटीचा बंदोबस्त प्रेक्षणीय असतो. मासळीची आतडी नि कल्ले आधी काढावेत, तिच्या वजनाइतका बर्फ बारीक फोडून खाली, वर आणि दर थरामध्ये पसरावा, ही बाजारातल्या कोळणीची शिकवण. पण ओझे वाढते या सबबीवर निम्म्या बर्फास अर्धचंद्र मिळतो व त्या जागी फणसाचे गरे रुजू होतात. बर्फ हा थंडाव्याचा जामीनदार. त्याचा प्रत्येक ग्रॅम वितळताना ८० कॅलरी उष्णता गिळतो आणि तो शिल्लक असेतो पेटीतला पारा शून्याच्या आसपास राहतो. मात्र जामीनच अपुरा घेतला, तर राजापूर येण्यापूर्वी तो पाणी होऊन फरारी होतो, व त्याचा माग पुढच्या आसनाखालच्या परक्या चपलांपर्यंत स्पष्ट लागतो. त्यात ‘बर्फ आहे की संपला’ या शंकेचे निरसन करण्यासाठी काकू प्रत्येक थांब्यावर झाकण उघडतात, आणि ज्याच्या जिवाची चिंता, त्याच्याच अंगावर गरम वारा घालतात. १८३३ साली बोस्टनहून निघालेले ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन चार महिन्यांनी कलकत्त्यास पोचले, तेव्हा १०० टनांच्या आसपास बर्फ शाबूत होता; याचे श्रेय लोक जहाजाच्या आतल्या गवत-फळ्यांच्या अस्तरास देतात, आम्ही मात्र त्या जहाजावर काकू नव्हत्या, या गोष्टीस देतो.

मुंबईस पोचताच मुकदमा उभा राहतो. नाक हे कनिष्ठ न्यायालय. ते ‘वास येत नाही’ असा दाखला तत्काळ देते, आणि किंचित संशय उरलाच, तर ‘रटरटून शिजवले की सगळे मरते’ या कलमाखाली फिर्याद निकालात निघते. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या सुबत्तेचा प्रदेश असून, त्यात रेंगाळलेल्या बांगड्यात हिस्टामाइन नावाचे द्रव्य साचते, त्याची वर्दी नाकास लागेलच असे नाही, आणि ते चुलीस मुळीच दाद देत नाही, ही कैफियत ऐकून घेण्यास त्या इजलासापुढे कोणासही सवड नसते.

अपील अर्थातच पोटात दाखल होते. यंदा जेवणानंतर तासाभरातच जावईबापूंचा चेहरा लालबुंद झाला, मानेवर चट्टे उठले, आणि ते दोन्ही हातांनी अंग खाजवू लागले, तेव्हा काकू कौतुकाने सर्वांस म्हणाल्या, “बघलात, गावच्या बांगड्याचा तेज कसा चढला ता!”