आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो फेसबुकवर टाकण्याची रीतसर पद्धत

कन्हानमधल्या ज्या नातवाला आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो फेसबुकवर टाकायचा असेल, त्याने आधी तो अल्बमच्या काळ्या पानावरून सोडवावा. कोपऱ्यांचे कागदी त्रिकोण जपून काढावेत आणि फोटो उलटा करावा. पुढची बाजू नातेवाइकांसाठी असते. कायद्याला मागची लागते. तिथे स्टुडिओचा जांभळा शिक्का असतो आणि नशीब जोरावर असेल तर तारीखही.

लग्न मे 1956 मधले निघाले तर पेढे वाटावेत. तेव्हाच्या ब्रिटिशकालीन कायद्यात फोटोचा कॉपीराइट निगेटिव्ह तयार झाल्यापासून 50 वर्षे चालायचा, म्हणजे 2006 सालीच तो संपला. 1956 मध्येच 14 ऑक्टोबरला नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेच्या फोटोंनाही हाच हिशेब लागू होतो.

पण मुहूर्त लांबला आणि लग्न 21 जानेवारी 1958 नंतर लागले, तर पंचाईत आहे. त्या दिवशी 1957 चा कॉपीराइट कायदा अमलात आला. त्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक म्हणजे पैसे देणारा. वेगळा करार असला तर गोष्ट निराळी. आता लग्नाच्या फोटोचे पैसे कोणी दिले, वरपक्षाने की वधूपक्षाने? हा विषय इतक्या वर्षांनी घरात काढण्याची ज्याची छाती असेल, त्यानेच पुढे वाचावे.

मालक ठरला तरी मुदत त्याच्या आयुष्यावर मोजत नाहीत. कायद्याच्या लेखी फोटोचा कर्ता तो काढणारा, आणि 2012 च्या दुरुस्तीपासून मुदत चालते त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. म्हणजे हक्क आजोबांचा आणि आयुष्यरेषा स्टुडिओवाल्याची! तेव्हा पूल ओलांडून कामठीला जावे आणि स्टुडिओच्या जागी आता जे मोबाइलचे दुकान असेल तिथे ‘पहिले इथं फोटोवाले बसत, ते कधी वारले हो भाऊ?’ असे अदबीने विचारावे. दुकानदार बहुधा स्क्रीनगार्ड दाखवेल. एखादे घेऊन टाकावे.

आजोबांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यांचा हक्क वारसांकडे जातो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा-मुलगी सारखेच, त्यामुळे आत्यांना वगळता येत नाही. पारशिवनीच्या तहसील कार्यालयात फोटोचा सातबारा मिळत नाही. वारसांची यादी स्वतःच करावी. परवानगी लेखी असावी, असे कलम 30 सांगते. सहीची अट मात्र 2012 मध्ये गेली. मग आत्याने व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवला तर? कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतात 2023 मध्ये जवसाच्या सौद्यात न्यायालयाने असा अंगठा सहीच्या जागी चालवून घेतला. पण तो पाठवणारा शेतकरी होता, आत्या नव्हती. आत्याचा अंगठा ‘फोटो पाहिला’ एवढाच असू शकतो.

नव्या फोटोंचे तुलनेने सोपे आहे. रामटेकच्या गडावर अनोळखी माणसाच्या हाती मोबाइल देऊन कुटुंबाचा फोटो काढून घेतला, तर कर्ता तो अनोळखी माणूस; त्याचा पत्ता लिहून ठेवावा. मोबाइल वानराने पळवला आणि त्याच्याकडूनच बटण दाबले गेले, तर कटकट कमी. इंडोनेशियातल्या एका माकडाच्या सेल्फीवरून अमेरिकेत खटला झाला, तेव्हा तिथल्या अपील न्यायालयाने 2018 मध्ये माकडाला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही, असे ठरवले.

‘माझे फोटो वापरण्याची फेसबुकला परवानगी नाही’ हा रोम कराराचा दाखला देणारा संदेश भिंतीवर चिकटवण्याचे कष्ट घेऊ नयेत. 1998 चा तो करार नरसंहार आणि युद्धगुन्ह्यांसाठी आहे. लग्नातल्या गर्दीला तो लागत नाही, जेवणाच्या पंगतीत काहीही झाले असले तरी.

राहता राहिली फोटोतली माणसे. केवळ फोटोत दिसते म्हणून कॉपीराइट कायदा कोणाला मालकी देत नाही. मांडवाच्या खांबाला टेकून नाक शिंकरणारा जो पोरगा दिसतो, तो आज कोळसा खाणीतून निवृत्त झालेला चुलत आजोबा आहे. कॉपीराइटमध्ये त्यांचा वाटा शून्य. तरीही पोस्ट टाकण्याआधी त्यांना फोन करावा, तोही त्यांचे जेवण झाल्यावर. ‘माहा फोटो टाकशील त पाह्य बे!’ हे उत्तर लेखी नसले तरी ग्राह्य धरावे.