तोंड असलेलं टपाल

आमच्या आत्याचं वय 78. ती रोज सकाळी पर्वती चढते, लक्ष्मी रस्ता ओलांडताना हात दाखवून पीएमटी थांबवते आणि गेल्या डिसेंबरापर्यंत एकदाही विमानात बसली नव्हती. नागपूरला तिच्या नातीचं लग्न निघालं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, "आत्या, यंदा रेल्वे नाही. विमान. सव्वा तासात नागपूर."

"आणि घरून निघायचं कधी?"

"विमान एक पन्नासचं आहे. साडेदहाला निघू."

आत्याने बोटांवर हिशेब केला. "सव्वा तासाच्या प्रवासाला सव्वातीन तास आधी? अरे, मग हा प्रवास आहे की वाट बघायचा कार्यक्रम?"

हा प्रश्न तिने प्रवासाच्या आधी विचारला होता, हे मला आता मान्य करावंच लागेल.

चिरंजीवांनी गाडीने लोहगावला सोडलं. काउंटरवर बॅग काट्यावर चढवली. आकडा आला 17. मुभा 15 किलोची. "किलोमागे सहाशे पडतील," मुलगी गोड हसून म्हणाली. मी बाराशे रुपये भरले, तिने बॅगेला लांब पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि बॅग पट्ट्यावरून डुलत डुलत आत गेली. आत्या चिठ्ठीच्या उरलेल्या तुकड्याकडे बघत होती. त्यावर पुण्यासाठी पीएनक्यू आणि नागपूरसाठी एनएजी अशी अक्षरं होती.

"नागपूरचं नाग समजलं. पुण्यात क्यू कुठून आला?"

"रांगेतून," मी म्हणालो. कारण समोर सुरक्षा तपासणीची रांग दिसत होती.

रांगेत उभे राहिलो, तोच माझं नाव पुकारलं गेलं. लग्नाच्या पत्रिकेत छापावं इतक्या स्पष्ट उच्चारात. बॅगेच्या तपासणीकडे बोलावलं होतं. तिथे आमची बॅग उघडी पडली होती आणि एक तरुण गणवेशधारी आत्याच्या शालूच्या घडीतून काढलेला डबा हातात धरून उभा होता. त्या डब्यात रुखवताच्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या. एकवीस. आत्याने तीन आठवडे बसून त्या बारीक चाकूने कोरल्या होत्या. एका वाटीवर मोर, एकीवर कमळ, एकीवर तुळशीवृंदावन, कडेने करवतकाठी नक्षी.

"आजी, सुकं खोबरं नेता येत नाही."

"का? मी कुठे ते विमानात खायला काढणार आहे?"

"त्यात तेल असतं. आपोआप तापून पेट घेऊ शकतं. धोकादायक मालाच्या यादीत आहे."

पोराचं खरं होतं. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं आणि हवाई वाहतुकीच्या नियमांत खरोखरच ते आपोआप तापणाऱ्या पदार्थांत मोडतं. पण ज्या पदार्थावर आपल्या घराण्याच्या चार पिढ्यांची आमटी पोसली, तो फटाक्यांच्या पंगतीत बसलेला पाहून आत्याला फार लागलं.

"अरे, साठ वर्षं फडताळात ठेवतेय. एकदा तरी पेटलं का?"

"नियम आहे, आजी."

आत्या थोडा वेळ थांबली. मग अत्यंत गंभीरपणे तिने विचारलं, "पोटात घालून नेलं तर?"

तेवढ्याच गंभीरपणे तो म्हणाला, "पोटातलं चालतं."

पण मोर आणि कमळ खायची कुणाची छाती? मी चिरंजीवांना फोन केला. ते येरवड्याच्या सिग्नलला पोचले होते, तिथून कपाळावर आठ्या घेऊन परत आले. खोबरं त्यांच्या स्वाधीन झालं. "संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो," एवढंच म्हणाले. पुण्याच्या माणसाला नागपूरला काही पाठवायचं असलं की ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर हेच त्याचं कुलदैवत.

जाता जाता मला एक गोष्ट सुचली. डबा धरून खोबरं दोन किलोंचं होतं. म्हणजे बॅग आता बरोबर 15 किलो. मी काउंटरवर जाऊन बाराशे रुपये परत मागितले. मुलगी पुन्हा तितकीच गोड हसली. त्या हसण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, एवढीच त्या दिवशीची पहिली सवलत.

सुरक्षा तपासणीतून सुटून गेटवर बसलो, तेव्हा पडद्यावर आमच्या विमानापुढे 'विलंब' आलं होतं. आधी चाळीस मिनिटं. मग एक तास. मग एक तास पस्तीस मिनिटं. डॉक्टर जसं नातेवाइकांना थोडं थोडं सांगतात, तसं. कारण विचारलं तर उत्तर आलं, "येणारं विमान उशिरा येतंय."

शेजारी एक काका बसले होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, पायांजवळ पिशवी. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "दिल्लीचं धुकं आहे हे. एकच विमान दिवसभर चार-पाच गावं करतं. सकाळी दिल्लीत अडकलं की दुपारी पुण्यात आपण अडकतो. बाहेर बघा, चक्क ऊन पडलंय. आणि आपण दिल्लीच्या धुक्यात बसलोय."

काका आयुष्यभर पोस्टात होते. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, धावत्या गाडीत पत्रं लावायचं काम. विमानाचा विषय निघाला आणि काकांची टपालपेटी उघडली.

"ताई, विमान मुळात माणसांसाठी आलंच नाही आपल्याकडे. 18 फेब्रुवारी 1911. अलाहाबाद. पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने साडेसहा हजार पत्रं यमुनेपलीकडे नैनीला नेऊन टाकली. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल ते. पुढे 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा विमानात काय होतं? टपाल! माणसं या धंद्यात नंतर शिरली. म्हणून यांची अजून सवय गेलेली नाही. आपलं वजन करतात, चिठ्ठी लावतात, एक्स-रे काढतात, थप्पी लावून भरतात आणि तिकडे ओततात. आपण म्हणजे तोंड असलेलं टपाल."

आत्याला ही माहिती फार आवडली. दिवसभरात तिला जे वाटत होतं, ते कुणीतरी तारखांसकट सांगितलं होतं.

"आणि तुम्ही चाललाय कुठे? नागपूरला. नागपूर म्हणजे हवाई टपालाची काशी! 1949 साली रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चार दिशांनी चार विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची. तिथे पोती आणि उतारू यांची अदलाबदल, आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत."

"एखादं पोतं राहून जायचं का हो?" आत्याने विचारलं.

"पोतं राहिलं तर नोकरी राहायची नाही, ताई."

मग काकांनी आमच्या बॅगेच्या चिठ्ठीचा तुकडा मागून घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि तुच्छतेने परत दिला. "तीन अक्षरं! आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी 15 ऑगस्ट 1972 ला देशाला सहा आकड्यांचा पिनकोड दिला. संस्कृतातला कवी माणूस, पण आकड्यांनी अख्खा देश लावून ठेवला. सहा आकडे लिहा, पत्र बरोबर त्या पोस्टात. यांची तीन अक्षरं कुठे जातील, देव जाणे."

ही भविष्यवाणी होती हे त्या वेळी कळलं नाही.

घड्याळात तीन पन्नास वाजले आणि काका ताडकन उठले. "चला. दोन तास झाले." एवढ्या छोट्या प्रवासाचं विमान दोन तास रखडलं की प्रवाशांना खाणं-पिणं द्यायचं, असा विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. काकांना तो पाठ होता. काउंटरसमोर उभं राहून त्यांनी तो इतक्या खणखणीत आवाजात म्हणून दाखवला, की शेजारच्या गेटवरचे गोव्याचे प्रवासीही आमच्या रांगेत आले. पाच मिनिटांत खोकी उघडली. प्रत्येकाला एक थंड सँडविच आणि फळांच्या रसाचं एक छोटं खोकं.

"बघा," काका पहिल्यांदाच खूश होऊन म्हणाले, "टपालाला कुणी सँडविच देत नाही. एवढी तरी आपली बढती झाली."

अखेर चार वाजून चाळीस मिनिटांनी विमान हललं. त्याआधी आम्हाला बसमध्ये उभं करून समोरच दिसणाऱ्या विमानापर्यंत नेलं. आत्या म्हणाली, एवढ्या अंतरात ती पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या चढली असती. तिच्यासाठी मी साडेतीनशे रुपये जास्त भरून डावीकडची खिडकी घेतली होती. मला फुकटातली मधली जागा मिळाली. दोन्ही हातांचे टेकू शेजाऱ्यांचे आणि गुडघे पुढच्या गृहस्थांच्या पाठीत. काकांचं 'थप्पी' हे वर्णन किती अचूक होतं ते मांड्यांना पटलं.

वर गेल्यावर अडीचशे रुपयांचा कपातला उपमा घेतला. झाकण काढायचं, गरम पाणी ओतायचं, थांबायचं. आत्याने एक चमचा तोंडात घातला.

"मीठ नाही."

मी शास्त्र सांगितलं. विमानाच्या आत हवेचा दाब ठेवतात तो साधारण 8000 फूट उंचीवर असतो तेवढा, म्हणजे जवळजवळ 2400 मीटर. शिवाय हवा अगदी कोरडी. त्यामुळे जिभेला मीठ आणि साखर कमी लागते.

"कळसूबाई किती?"

"1646 मीटर."

आत्याने चमचा खाली ठेवला. "म्हणजे मी आत्ता कळसूबाईच्या डोक्यावर बसून उपमा खातेय?"

"हो."

"मग बरा आहे," ती म्हणाली आणि उपमा संपवला.

त्यानंतर ती बोलली नाही. मी वाकून पाहिलं तर तिचं कपाळ काचेला टेकलेलं. खाली नाथसागर पसरला होता. कललेल्या उन्हात परातीतल्या पाण्यासारखा चमकत होता आणि त्याची टोकं शेतांमध्ये बोटांसारखी घुसली होती. मग कितीतरी वेळ नुसती काळी रानं, मधूनच हिरवे चौकोन, पांढऱ्या दोऱ्यासारखा रस्ता. आणि मग अचानक एक गोल. कुणी थंड झालेल्या पिठल्यात वाटी दाबून काढावी इतका नेमका. कडेच्या अर्ध्या भागावर सावली, अर्ध्यावर ऊन, तळाशी पाण्याची चकती.

"हे काय रे?"

"लोणार. आकाशातून उल्का पडून झालेला खड्डा. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद."

आत्या 1968 साली एसटीने लोणारला गेली होती. काठावर उभं राहून फक्त समोरची झाडी दिसली होती, असं तिने सांगितलं. "गोल आहे हे आज कळलं," ती म्हणाली. "वरून जे पडलं, त्याने हे असंच पाहिलं असणार."

साडेतीनशे रुपये मी तिथेच वसूल धरले. बाराशेसुद्धा धरले असते, पण अजून नागपूर यायचं होतं.

चाकं टेकताच सगळे उठून, मान वाकडी करून, बंद दाराकडे तोंड करून उभे राहिले. एकटी आत्या बसून होती. "दार उघडल्यावर उठते," म्हणाली. खाली पट्ट्याभोवती आम्ही उभे राहिलो. बॅगा आल्या, गेल्या. एक निळी बॅग तीन फेऱ्या मारून गेली, तिला आम्ही ओळखायला लागलो. मग पट्टा थांबला. काकांची पिशवी त्यांच्या हातातच होती. ते आमच्याजवळ आले, काही बोलले नाहीत, फक्त सहा बोटं वर केली आणि निघून गेले.

काउंटरवर फॉर्म भरला. बॅगेचा रंग, आकार, चाकं किती. बॅग पुण्यातच राहिली होती. खोबऱ्यासाठी जी उघडली, ती बंद होईपर्यंत तिची थप्पी निघून गेली असावी. "उद्याच्या विमानाने येईल, घरपोच देऊ," तिथला माणूस अजिजीने म्हणाला. आत्याचा शालू आत होता. सीमांतपूजन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ट्रॅव्हल्स गणेशपेठेत लागली. ड्रायव्हरने सीटखालून डबा काढला आणि "एकवीस आहेत, मोजून घ्या," म्हणाला. चिरंजीवांनी त्याला मोजून दिल्या होत्या. भाडं दोनशे रुपये. रात्रभरात काहीही पेटलं नव्हतं. बॅग दुपारी चारला आली.

संध्याकाळी शालू नेसून आत्या रुखवताजवळ उभी होती. मी परतीच्या तिकिटाचं विचारलं. मला वाटलं, रेल्वे म्हणेल.

"मी विमानाने येते," ती म्हणाली. "बॅग ट्रॅव्हल्सने पाठव."

तसंच केलं. दोघी सुखरूप पोचल्या.

पुण्याहून विमानाने नागपूरला जाणाऱ्यांनी डावीकडची खिडकी घ्यावी, येताना उजवीकडची. आणि खोबरं आदल्या रात्री पाठवावं.