प्रूफकाका

सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी आपल्या कवितासंग्रहाची मुद्रितं तपासायला त्यांच्याकडे पाठवली होती. दोष बाईंचा नाही. अख्खी सोसायटी ज्यांना 'प्रूफकाका' म्हणते ते मुद्रितशोधक असणार असंच कुणालाही वाटेल. काकांनी मुद्रितं दोन दिवस ठेवून घेतली. एकही ऱ्हस्वदीर्घ सुधारला नाही, पण परत करताना एक चिठ्ठी टाचली: 'पृष्ठ ३१ वरच्या कवितेत राणीछाप रुपयाला निखळ चांदीचा म्हटले आहे. तो ९१.६७ टक्के चांदीचा होता. दुरुस्त करावे.'

काकांचं प्रूफ निराळं. टांकसाळीत खास घासून आरशासारखा केलेला साचा घ्यायचा आणि तशाच निवडक चकतीवर त्याने ठसा उमटवायचा. मग नाण्याची जमीन इतकी चकचकीत होते की तिच्यात आपलं नाक दिसतं, आणि वरचं चित्र मात्र दुधाळ, धुक्यातून वर आल्यासारखं. हे प्रूफ नाणं. ते प्लास्टिकच्या गोल कॅप्सूलमध्ये, कॅप्सूल मखमली खाचेत, खाच डब्यात, डबा पुठ्ठ्याच्या वेष्टणात आणि हे सगळं काकांच्या कपाटात. कपाटाची किल्ली कुठे असते ते काकूंना माहीत आहे. काकूंना माहीत आहे हे काकांना माहीत नव्हतं. पण ते पुढे येईल.

काका बँकेत कॅशियर होते. छत्तीस वर्षं त्यांनी काचेच्या खिडकीमागे बसून दुसऱ्यांचे पैसे मोजले. ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं, गड्डी मोजायची, रबर लावायचं आणि द्यायची. हिशेब कमी पडला की खिशातून भरायचा, जास्त आला की रात्री नऊपर्यंत बसून कुणाचा ते शोधायचं. छत्तीस वर्षांत हातातून किती रक्कम गेली असेल, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "गेली. तेवढंच लक्षात आहे." एवढा पैसा हाताळलेल्या माणसाला अखेर न जाणारा पैसा हवासा वाटला तर त्यात नवल नाही, असं आपलं माझं मत. काका स्वतः हे कारण कधीच देत नाहीत. त्यांची कारणं माणूस बघून बदलतात.

काकूंना सांगतात, "अगं, ही गुंतवणूक आहे. शेवटी चांदीच ती." मुलगा बंगळुरूहून येतो तेव्हा ती गुंतवणूक नसून वारसा असतो. सोसायटीतल्या मुलांसाठी तोच इतिहासाचा अभ्यास होतो. मला मात्र एकदा, वीज गेलेली असताना, त्यांनी हळूच सांगितलं, "खाच रिकामी राहिली की झोप लागत नाही हो."

इतिहास मात्र त्यांना खरंच तोंडपाठ आहे. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. १९४० मध्ये, महायुद्ध चालू असताना, इंग्रजांनी त्यातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ ला रुपया निकेलचा झाला. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, नेहरूंचं, पण तेही निकेलचं. चांदी परत आली ती १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीला: दहा रुपयांचं नाणं, १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. "पंचा नेसणाऱ्या माणसाला सरकारने चांदीत बसवलं," असं काका दरवेळी म्हणतात आणि दरवेळी आपण हसावं म्हणून थांबतात. १९७२ ला स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं झाली तेव्हा चांदी पुन्हा ५० टक्क्यांवर घसरली. हे सांगताना त्यांचा आवाज असा पडतो, की जणू त्यांच्याच पगारातून कपात झाली होती.

१९७४ चं पन्नास रुपयांचं नाणं नियोजित कुटुंबाच्या प्रचारासाठी होतं. काकांकडे त्याचे चार सेट आहेत. त्यावर काकू काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. आयकर खात्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा दीडशे रुपयांचं चांदीचं नाणं निघालं. कर भरून उरलेल्या पैशांतून काकांनी त्या कराच्याच गौरवाचं नाणं घेतलं, आणि तेही जोडीने. हे आकडे तरी बघा! रिझर्व्ह बँकेच्या पंचाहत्तरीला पंचाहत्तर रुपयांचं नाणं, आंबेडकरांच्या सव्वाशेव्या जयंतीचं सव्वाशेचं, गुरू गोविंदसिंगांच्या साडेतीनशेव्या जयंतीचं साडेतीनशेचं. असे आकडे व्यवहारात एरवी फक्त रिक्षावाल्याच्या तोंडी ऐकू येतात.

नव्या नाण्याची घोषणा झाली की काकांच्या चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागणार असल्याची कळा येते. टांकसाळीच्या संकेतस्थळावर नोंदणी सुरू होते आणि पैसे आगाऊ भरायचे असतात. शंभर रुपयांच्या नाण्याला काही हजार. "शंभर रुपये मिळवायला हजारो रुपये दिलेत?" असं तळमजल्यावरच्या चौथीतल्या मुलाने विचारलं, तेव्हा काकांनी त्याला दशांश अपूर्णांकांचा अभ्यास करायला घरी पाठवलं. मग वाट पाहणं सुरू होतं. ती आठवड्यांची नसते, महिन्यांची असते, आणि माझा संशय असा की हाच काकांच्या छंदाचा गाभा आहे. पार्सल येईपर्यंत ते पोस्टमनशी ज्या लाघवी स्वरात बोलतात तो काकूंच्या वाट्याला लग्नाआधीही आला नसावा.

पार्सल येतं त्या दिवशी काका आंघोळ दोनदा करतात. पांढरे सुती हातमोजे चढवतात, पंखा बंद करतात, भिंग काढतात. आधी सालाखालचं टांकसाळीचं चिन्ह. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याचं काहीच नाही, मुंबईचा हिरा, पण मुंबईच्याच प्रूफवर इंग्रजी 'एम'. मग कड. मग पुन्हा चिन्ह, बदललं तर नाही ना हे बघायला. सेट नेहमी दोन मागवतात. एक उघडून बघायला आणि दुसरा, तो उघडलेला नाही हे बघायला.

नाणी जमवणाऱ्यांच्या जातीतही जाती आहेत, हे मला एका नाणेप्रदर्शनात कळलं. शिवराया जमवणारे एक गृहस्थ तिथे भेटले. झिजलेले तांब्याचे तुकडे, अर्धं अक्षर दिसतंय, अर्धं नाही. त्यांनी काकांकडे दयेने बघितलं आणि म्हणाले, "टांकसाळीने संग्राहकांसाठीच पाडलेलं नाणं जमवायचं म्हणजे पाळलेल्या वाघाची शिकार. नाणं कसं, बाजारात मार खाऊन आलेलं हवं." काका शांतपणे म्हणाले, "तुमच्या शिवराईला हजारो लोकांचे हात लागलेत. माझ्या नाण्याला माझाही लागलेला नाही." दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं आणि दोघांनी मिळून वडापाव खाल्ला. पैसे मी दिले. सुटे त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हते.

काकांच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आला. पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. सोसायटीत कुणी गादीखालचे, कुणी डाळीच्या डब्यातले पैसे मोजत होतं. काका शांतपणे कपाटाकडे गेले आणि त्यांनी एक हजार रुपये बाहेर काढले. चांदीचे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली त्याबद्दल निघालेलं हजार रुपयांचं नाणं. "बाद झाल्या त्या नोटा," ते जिन्यात उभं राहून सांगत होते, "नाणं चालू आहे. २०११ चा नाणे कायदा वाचा. नाण्यांमध्ये एका वेळी हजार रुपयांपर्यंतचं देणं कायदेशीर आहे. म्हणजे हे एकच नाणं, बरोबर!" कायद्याची मर्यादा आणि आपलं नाणं यांचं असं गोत्र जुळलेलं पाहून त्यांचे डोळे पाणावले.

मी गमतीने म्हटलं, "मग काका, उद्या किराणा यातूनच आणा की."

ही गंमत काकांनी तत्त्वाचा प्रश्न केली. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट, आतल्या खिशात कॅप्सूल, आणि साक्षीदार म्हणून मी. कोपऱ्यापर्यंत त्यांची चाल विजयी वीराची होती. मेडिकलच्या दुकानापाशी ती मंदावली. वाण्याच्या पायरीशी ते थांबले आणि माझा दंड धरून कुजबुजले, "अहो, पण त्याने घेतलं तर?" मला उत्तर सुचेना. कॅशियर माणूस. दिलेलं परत येत नाही हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. पण मागे चार जण उभे होते. काकांनी एक किलो तूरडाळ मागितली आणि थरथरत्या हाताने कॅप्सूल काउंटरवर ठेवली.

वाण्याने ती उचलली, फिरवली, हजाराचा आकडा वाचला. काकांचा श्वास अडकला होता. वाणी म्हणाला, "काका, सुटे नाहीत हो."

एवढा आनंदी माणूस मी त्या आठवड्यात दुसरा पाहिला नाही. वाण्याने नाणं नाकारलं नव्हतं, म्हणजे तत्त्व शाबूत राहिलं. घेतलंही नव्हतं, म्हणजे नाणं शाबूत राहिलं. तूरडाळ उधारीवर आली.

आता कपाटाच्या किल्लीकडे येऊ. २०२५ मध्ये चांदीने किलोला लाखाचा आकडा ओलांडला आणि ती थांबायचं नाव घेईना. लोक काकांना जिन्यात अडवून दूरदर्शी म्हणू लागले. काकांना आनंद व्हायला हवा होता, पण ते चिडचिडे झाले. पूर्वी लोक नाण्यावरचं चित्र विचारायचे, आता वजन विचारू लागले. ओळखीच्या सोनाराने तर ३५ ग्रॅमच्या नाण्यात साडेसतरा ग्रॅम चांदी असा हिशेब कागदावर मांडून दिला आणि वर "मोडीत देणार असाल तर घट धरावी लागेल" म्हणाला. मोड! घट! काका त्या दुकानासमोरून जाणं टाळून हल्ली लांबच्या रस्त्याने भाजी आणतात.

त्याच सुमारास काकूंच्या भाचीच्या मुलाचं बारसं निघालं. बाळाला चांदीची वाटी-चमचा द्यायचा आपल्याकडे रिवाज. काकू सोनाराकडे भाव विचारून आल्या आणि घरी येऊन साधा विचार त्यांनी केला: घरात कपाटभर चांदी असताना विकत कशाला आणायची? कपाट उघडलं, त्यातल्या त्यात मोठं दिसलं ते एक काढलं, हळदकुंकू लावलं आणि पाळण्यात ठेवलं. १९७३ चं 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेचं वीस रुपयांचं नाणं, प्रूफ, ३० ग्रॅम. काका बारशाला होते. घुगऱ्या खात होते. आपलं नाणं शेजारच्या खोलीत बाळाच्या मुठीत आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कळलं ते पुढच्या रविवारी. रविवारी काका नाण्यांची हजेरी घेतात. दहा रुपये हजर, शेजारची खाच रिकामी. तो प्रसंग मी भिंतीपलीकडून ऐकला, त्यामुळे सविस्तर सांगू शकतो, पण काकूंचं एकच वाक्य पुरेसं आहे: "तुम्हीच म्हणत होतात, शेवटी चांदीच ती."

काका रिक्षा करून भाचीकडे गेले. भाचीच्या आईने आलेली सगळी चांदी सोनाराला देऊन बाळाला वाळे करून घेतले होते. भरीव, छुमछुम वाजणारे. सोनाराकडे चौकशी केली, तर नाणं मुशीत जाऊन तीन दिवस झाले होते. नाणं वितळवणं कायद्याने गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे, हे काकांनी तिथल्या तिथे सांगितलं. सोनाराने त्यांना चहा दिला. बाळ आता रांगू लागलंय. ते जवळ आलं की काका कौतुकाने वाकतात आणि बघतात त्याच्या पायांकडे. बाकीच्यांना वाटतं, नमस्काराची उलटी तऱ्हा.

ते नाणं काही दुर्मिळात दुर्मिळ नाही. बाजारात मिळतं. काकांना तेव्हापासून दोनदा मिळालंही. पहिल्याची कड त्यांना बरी वाटली नाही. दुसऱ्यात काहीच खोट निघेना, म्हणून त्यांना संशय आला. तिसरं ते शोधताहेत. प्रदर्शनांना जातात, शिवराईवाल्यांबरोबर वडापाव खातात, रात्री भिंग घेऊन बसतात. तब्येत सुधारली आहे.

तरी वाचकहो, तुमच्याकडे जुन्या कपाटात १९७३ चं वीस रुपयांचं नाणं असेल, मुंबईच्या टांकसाळीच्या डब्यातलं, तर मला जरूर कळवा. दंतमंजनाने घासू नका. आणि घरात लवकरच बारसं असेल, तर आजच वाटी-चमचा विकत आणा.