तात्यांचं ‘आपण’

मराठीत ‘आपण’ या सर्वनामाचे तीन अर्थ आहेत. एक, बोलणारा आणि ऐकणारा मिळून. दोन, समोरच्या थोरामोठ्याला आदरानं म्हणायचं ते. तीन, स्वतः. नारायणगावच्या आमच्या तात्यांनी त्यात चौथ्याची भर घातली आहे. तात्यांच्या तोंडच्या ‘आपण’चा अर्थ होतो ‘काकू’.

“साबण विकत कशाला आणायचा? आपण घरच्या घरी करू!” की काकूंच्या हाताची सालं निघाली म्हणून समजा. “यंदा उटणं आपण कुटायचं,” की नागरमोथा, गव्हला-कचरा, आंबेहळद, वाळा हे सगळं काकूंच्या खलबत्त्यात. शेवटी चिमूटभर उटणं नाकाशी नेऊन डोळे मिटायचं आणि “जमलंय आपल्याला,” म्हणायचं काम तेवढं तात्यांचं.

तात्या चित्रकलेचे निवृत्त मास्तर. पांढरा लेंगा, बंडी आणि कानावर पेन्सिल. ही पेन्सिल ते आंघोळीला जातानाच काढतात. ‘घरच्या घरी’ हा त्यांचा कुळाचार आहे. दुकानातली वस्तू हातात घेऊन ते तिच्याकडे असे बघतात, की दुकानदारालाच अपराधी वाटावं. “यात आहे काय एवढं?” असं म्हणून ती परत ठेवतात आणि त्यात काय काय आहे ते पुढचे पंधरा दिवस सगळ्या घराला कळत राहतं.

पेशवाईत जुन्नरी कागदाला मोठा मान होता, हे एकदा त्यांच्या वाचनात आलं. झालं! चाळीस वर्षांच्या चित्रकलेच्या जुन्या वह्या भिजल्या, न्हाणीघर चार दिवस बंद पडलं आणि घरातली सगळी माणसं विहिरीवर आंघोळीला जाऊ लागली. लगदा काकूंनी कालवला. निघालेला कागद इतका जाड होता, की त्यावर शाईनं लिहिण्यापेक्षा तो छिन्नीनं कोरणं सोपं गेलं असतं. तात्या म्हणाले, “टिकाऊ आहे.” ते मात्र खरं. त्यातला एक ताव अजून काकूंच्या पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून आहे.

गेल्या डिसेंबरात मुलगा, सून आणि सात वर्षांची नात न्यू जर्सीहून सुट्टीला आली. नात बोलता बोलता सांगून गेली, की तिकडे नाताळात दालचिनीची पूड आणि शिजवलेलं सफरचंद एकत्र मळतात, पोळी लाटून चांदण्या कापतात, वाळवतात आणि झाडाला टांगतात. मग घरभर वास येतो.

तात्यांच्या कानावरची पेन्सिल हातात आली. काकूंनी ते पाहिलं आणि मुकाट्यानं खलबत्ता धुवायला घेतला.

“पण तात्या, आपल्याकडे नाताळ कुठं?” मी विचारलं. हा प्रश्न विचारायला नको होता.

“कुठं म्हणजे? अरे, आपल्या जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दानं दिलीत! एकानं पाण्याची टाकी खोदून दिली, एकानं भोजनमंडप. शिलालेखांत नावं आहेत त्यांची. आणि दालचिनी? सातवाहनांच्या काळापासून कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाटानंच वर यायचा. ही वस्तू घाट चढून गेली असेल ती आपल्याच दारावरून! शिवाय झाड सजवायची चाल मुळात जर्मनांची. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाचं कुटुंब झाडाभोवती उभं असलेलं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं, तेव्हा कुठं ती इंग्रजांच्या घरोघरी पोचली. त्यांनी जर्मनांचं उचललं, आपण त्यांचं उचलू.”

‘उचलू’ हे क्रियापद त्यातल्या त्यात अचूक होतं, कारण अर्धा किलो दालचिनीची पिशवी बाजारातून मी उचलून आणली. ती बघून काकू म्हणाल्या, “अहो, एवढ्यात माझा दोन वर्षांचा मसाला होतो.”

“अगं, मसाला पोटात जातो आणि संपतो. हे टिकणार!”

नातीनं मिक्सरकडे बोट दाखवलं. तात्या दुखावले. मिक्सरच्या पात्याला ऊब येते, उबेनं वास उडतो. दालचिनी खलबत्त्यातच कुटायची. “आपण कुटू सावकाश.” काकू कुटायला बसल्या. तात्या शेजारी बसून दालचिनी हा शब्द फारसीतल्या ‘दारचिनी’वरून आला आणि त्याचा अर्थ ‘चिनी लाकूड’ असा होतो, ते सांगत राहिले. लाकूड हा अर्थ काकूंच्या मनगटाला आधीच पटला होता.

कृतीत दालचिनी आणि सफरचंदाचा गर साधारण सारख्या मापानं घ्यायचा होता, गोड न केलेला. सफरचंदातल्या पेक्टिननं गोळा धरून येतो. पण गर चाखून तात्या म्हणाले, “फार आंबट आहे,” आणि त्यांनी त्यात गूळ घातला. पहिल्या खेपेला त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली ही एवढीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळत घातलेल्या चांदण्या जागच्या हललेल्या दिसल्या. जवळ जाऊन पाहिलं तर मुंग्यांनी एक चांदणी कठड्यापर्यंत नेली होती आणि बाकीच्यांवर बैठक चालू होती. तात्या खाली वाकून निरखत म्हणाले, “वास मात्र उत्तम आलाय. मुंग्यांना कळलं बघ.”

पहिला पाव किलो असा मुंग्यांच्या नाताळाला गेला.

दुसऱ्या खेपेला काकूंनी तात्यांना दुकानातून रिबीन आणायला पिटाळलं आणि तेवढ्यात गोळा मळून घेतला. काकूंचं माहेर घोडेगावचं. भीमाशंकरच्या रानातून आदिवासी बायामाणसं बाळहिरडा गोळा करून आणतात, तो अंगणात वाळताना बघत त्या वाढल्या. कुठली वस्तू कोवळ्या उन्हात ठेवायची, कुठली कधी परतायची, संध्याकाळचं दव पडायच्या आत काय उचलायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. पोळी त्यांनी पापडापेक्षा जाड आणि शंकरपाळ्याएवढी लाटली, टांगायच्या भोकासाठी उदबत्तीची काडी वापरली, आणि वर जुनी मलमलची साडी पांघरली. तात्या रिबीन घेऊन आले तेव्हा लटकनं ओळीनं झोपलेली होती. “बघा,” तात्या मुलाला म्हणाले, “आपण एकदा चुकलो, पण शिकलो.”

आकार कापायला साचे नव्हते. वाटी, डब्याचं झाकण, करंजीचं कातणं असं जे हाताला लागलं ते चाललं. उरलेल्या पोळीतून तात्यांनी शिवनेरी काढला. तो वाळल्यावर थोडा खचला, पण ओळखू येत होता. नातीनं सुरीनं एक जनावर कापलं आणि ते ओलं असतानाच त्यात लवंगा टोचल्या.

“हे काय गं?”

“आजोबा, बिबट्या!”

तिचंही बरोबर होतं. आल्या दिवसापासून बिचारीनं दुसरं ऐकलं काय होतं? दिवेलागणीनंतर अंगणात जायचं नाही, ऊस जवळ आहे, बिबट्या येतो. तात्या क्षणभर विचारात पडले. नाताळच्या झाडावर बिबट्या कोणत्या शास्त्रात बसतो? मग म्हणाले, “बसतो. तिकडं हरणं असतात ना? मग इकडं हाच.”

झाड म्हणून सुरूची फांदी आणायची ठरली होती. पण विकतची फांदी म्हणजे घरच्या घरी कसं होईल? तात्यांनी टोमॅटोच्या प्लॉटमधले जुने बांबू आणवले, तीन बांबू वर एकत्र बांधले, खाली फाकवले, भोवती तार फिरवली आणि सुतळी ताणली. या भागात टोमॅटो जसा उभा करतात तसाच त्यांनी नाताळ उभा केला. बघायला आलेल्या शेजारच्या बागायतदारानं पहिला प्रश्न विचारला, “मास्तर, वाण कुठला?”

चोवीस तारखेला संध्याकाळी तात्यांनी ताळेबंद मांडला. दालचिनी ५५० रुपये, सफरचंदं २००, लवंगा १००, रिबीन ५०. एकूण ९००. लटकनं ३०. म्हणजे नग ३० रुपये. खाली एक ओळ होती : ‘मजुरी – शून्य, घरचीच.’ काकूंनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. बोलल्या काही नाहीत.

दिवे लागले. ओसरीत दालचिनी आणि लवंगेचा असा घमघमाट सुटला, की येणारा प्रत्येक जण आधी स्वयंपाकघराकडे बघायचा. सगळ्यात वर, चांदणीच्या जागी, बिबट्या. तात्या आल्यागेल्याला नाणेघाटापासून सांगत होते आणि दर दोन वाक्यांनी म्हणत होते, “सगळं आपण घरच्या घरी केलं.”

पलीकडच्या आळीतल्या एक बाई हरखून गेल्या. “तात्या, मला अशी पन्नास पाहिजेत हो! पोरीच्या लग्नाच्या रुखवतात मांडते. कुणाला सुचायचं नाही असलं.”

“पन्नास? शंभर घ्या!” तात्या म्हणाले. “त्यात काय आहे एवढं?”

काकू उठल्या. आतून खलबत्ता घेऊन आल्या, तो तात्यांच्या पुढ्यात ठेवला, पदरानं हात पुसले आणि लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच ते सर्वनाम उच्चारलं.

“हो तर,” त्या म्हणाल्या. “आपण करू.”

तात्यांनी सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.