मपलं काही नाही

श्रावण सरला की धारूर-वडवणीकडच्या कुठल्याही वाडीत हा माणूस पारावर भेटतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल, काखेत वही. ऊसतोड टोळीचा मुकादम. बारा कोयते दसऱ्यानंतर ट्रॅक्टरात घालून कारखान्याच्या हद्दीत न्यायचे आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत फुटू द्यायचे नाहीत, हे त्याचं काम. कोयता म्हणजे जोडपं. नवरा-बायको मिळून एक. कुणी एकटाच आला तर तो अर्धा. हिशेब एकदम पक्का.

त्याचं वाक्य ठरलेलं : "मपलं काही नाही. तुमी म्हनताल तसं."

आता, त्याचं काहीच नसतं असं नाही. वाहतूकदाराकडून त्यानं लाखांत उचल घेतलेली असते आणि कुठल्या कारखान्याला जायचं ते तिथंच ठरलेलं असतं. पण ठरलेलं ठरवायलाही तो बैठक घेतो. चहा सांगतो. एक जण म्हणतो सांगली, दुसरा म्हणतो कर्नाटक, तिसरा तीन हंगामांपूर्वी चाऱ्याला विकलेल्या वाढ्याच्या पैशांचं उकरून काढतो. मुकादम सगळ्यांपुढं मान डोलावतो, विरोध करणाऱ्यापुढं जरा जास्तच : "ह्यो बोलला ते खरंय." दीड तासानं बोलणारे दमतात, चहाही संपतो. मग वही उघडून हा विचारतो, "मंग कर्नाटक ठरलं ना तुमचं?" आणि घरी जाताना प्रत्येकाला वाटतं, आपणच ठरवलं.

२०२४च्या जानेवारीत तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा लवाद होते शरद पवार आणि पंकजा मुंडे. ती बातमी ऐकून यानं नुसता सुस्कारा सोडला. "तितं दोघं होते. हितं बारा कोयत्याला मी एकटा लवाद."

पण त्याला पाहावं ते फडावर, पौषातल्या रात्री दीड वाजता. ट्रक येऊन उभा असतो आणि कोपीतून कुणी बाहेर पडायला तयार नसतं. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं, तेही असल्या गारठ्यात! हा हाक मारत नाही, शिवी देत नाही. कोप्यांच्या मधोमध मूठभर पाचट पेटवतो आणि खोकत शेकत बसतो. उजेड बघून एक येतो, त्याला बघून दुसरा. चार जण जमले की हा पायानं विस्तव विझवतो. "उठलेच हायती तर भरून टाकू." स्वतः मोळीला हात लावत नाही. फळी तेवढी धरतो, आणि सकाळी ते तिघांना सांगतो.

यंदाच्या बैठकीत मात्र गंमत झाली. कर्नाटक ठरलं, वही मिटली, माणसं उठली. बायका पारावर बसत नाहीत, त्यांना कुणी विचारतही नाही. तेवढ्यात हापशाकडून हंडा घेऊन येणारी एक वहिनी थांबली.

"भाऊजी, गेल्या साली तितं पान्याला अर्धा कोस चालावं लागलं. आमी नाही येत."

"आमी म्हंजे कोन?"

"बारा जनी."

मुकादमानं वही पुन्हा उघडली. बारा जणी वजा केल्या तर पारावर उरत होते बारा अर्धे कोयते. बारा अर्धे म्हणजे सहा. तो बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मपलं काही नाही वैनी, तुमी म्हनताल तसं." इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच खरं होतं.

दुसऱ्याकडून उचल घेऊन त्यानं पहिल्या वाहतूकदाराचे पैसे फेडले. टोळी सांगलीला गेली. कोप्यांपासून नळ वीस पावलांवर आहे, आणि ती जागा आपणच बघून ठेवली होती, असं तो सांगतो.