रकाना क्रमांक सात

लातूर, औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात एकाही क्लबाचा, मंडळाचा किंवा प्रतिष्ठानाचा सभासद नसलेला हार्डवेअरवाला कुणी दाखवून द्यावा. अशा संस्थेचा छापील अर्ज असतो. नाव, पत्ता, रक्तगट इथपर्यंत माणूस खरं लिहितो. सातव्या रकान्यात विचारलेलं असतं, ‘आपणांस सभासद का व्हावेसे वाटते?’ तिथं पेन एक क्षण थांबतं आणि मग एकजात सगळे लिहितात : समाजसेवेची आवड.

किल्लारीत ही आवड तोलून घ्यावी लागते, कारण या गावानं खरी सेवा पाहिली आहे. 30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून लोक निजले होते आणि पहाटे चारच्या आत जमीन हलली. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यानंतर या पट्ट्यात देशभरातल्या संस्था उतरल्या. भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास मुलं शिकायला पुण्याला नेली. त्या कामाची टिंगल करायला या सदराची जीभ उचलत नाही. तेव्हा सातवा रकाना भरत बसायला कुणाला सवड होती?

गंमत पुढं झाली. पुनर्वसनात घर किती मोठं, हे सातबारानं ठरवलं. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यावर 750. रस्ते सरळ आणि रुंद आले. जुन्या गावातले बोळ काही नकाशात बसले नाहीत. पूर्वी अंगणातून हाक मारली की चौघं गोळा व्हायचे. आता चौघांना गोळा करायचं तर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि बॅनर लागतो. बॅनरवर अध्यक्षाचा गॉगल, खाली बत्तीस शुभेच्छुकांची मुंडकी. त्यातलं एक मुंडकं आपलं असावं, एवढ्यासाठीही माणूस सभासद होतो. हे कारण मला तरी सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

बाकीची कारणं चहाच्या टपरीवर मिळतात, अर्जात नाही. सिमेंटच्या एजन्सीवाल्याला क्लबातला इंजिनिअर हवा असतो. इंजिनिअरला डॉक्टर हवा असतो, कारण आईचे गुडघे. डॉक्टरला पाहिजे नवीन दवाखान्याच्या उद्घाटनाला गर्दी. ज्याच्या मुलाचं जमत नाही त्याला ‘चार्टर मेंबर’ हे दोन शब्द बायोडाटात घालायचे असतात. मुलीकडच्यांना अर्थ कळत नाही, पण वजन कळतं. एका निवृत्त मास्तरांना मी सरळ विचारलं, तर म्हणाले, “घरी बसलं की बायको दळणाला धाडती. इथं निदान मिटिंग हाय म्हणून सांगता येतंय.”

यात लाजण्यासारखं काहीच नाही. रोटरीचा मूळ पुरुष पॉल हॅरिस हा वकील, व्हरमाँटच्या खेड्यात आजी-आजोबांकडे वाढलेला. शिकागोत त्याला करमेना. 1905 च्या फेब्रुवारीत त्यानं एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी असे तिघं जमवले. बैठक आज याच्या ऑफिसात, पुढच्या वेळी त्याच्या. एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा, म्हणजे गिऱ्हाईक एकमेकांकडेच फिरावं. समाजसेवा नंतर आली; शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून ही मंडळी 1907 मध्ये मागे लागली. म्हणजे संस्थापकानंच सातवा रकाना खरा भरला असता तर ‘करमत नाही, शिवाय गिऱ्हाईक हवं’ असं लिहावं लागलं असतं. आमच्या सिमेंटवाल्यानं त्याहून वेगळं काय मागितलं?

फ्रीमेसन लोक याबाबत जास्त सावध. मुंबईत 1843 साली हिंदी सभासदांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं. फ्रीमेसनांच्या रिवाजात नव्या माणसाला आधीच जाहीर करावं लागतं की मी पैशाच्या फायद्यासाठी येत नाही. जे वदवून घ्यावं लागतं, त्याची भीती आधीपासून असणारच!

बायकांचं मात्र वेगळं. त्यांच्या भिशीला अर्जच नसतो, म्हणून खोटं लिहायची सोय नाही. कारण एकच, पैसे. आणि भूकंपानंतर जिथं घरं पाडायची नव्हती, मजबूत करायची होती, तिथं सरकारी योजना आणि गाव यांच्यामध्ये गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकाच ‘संवाद साहाय्यक’ म्हणून उभ्या राहिल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते जुळवून आणलं. भिंतीत काँक्रीटचा पट्टा कुठं घ्यायचा, हे ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्या गवंड्याला विचारू लागल्या. बिल्ला नाही, घंटा नाही, शपथविधी नाही.

परवा एका क्लबानं महिला शाखा काढली. अर्ज वाटले. पुरुषांचे सगळे अर्ज आजवर समाजसेवेनं भरलेले, त्यामुळे सचिवांनी बायकांचे न वाचताच मंजूर करायला घेतले. एकीचा हातात आला आणि ते थबकले. सातव्या रकान्यात लिहिलं होतं : “गुरुवारी सासूबाई भजनाला जातात. तेवढ्या वेळात मिटिंग ठेवली तर येईन.” सचिवांनी तो अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवला. तिनं पुन्हा भरून दिला, ‘समाजसेवा’ लिहिलं आणि कंसात घातलं, गुरुवारीच.